हा बाण कोणाचा?

शाळेच्या विज्ञानात बलांची ओळख यादीने होते. स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल अशी नावे मुले पाठ करतात, प्रत्येकाचे एकेक उदाहरण लिहितात आणि पुढच्या धड्याला लागतात. यादी चुकीची नाही, पण तिला एक कसोटी नाही. पहिली दोन नावे बल कोण लावतो यावरून पडली आहेत, काही त्याच्या मूळ स्वरूपावरून, तर घर्षण ते कुठे उपजते यावरून. उसाने भरलेली गाडी बैलांनी ओढली की स्नायू बल आणि ट्रॅक्टरने ओढली की यांत्रिक बल, असे यादी सांगते. गाडीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळी घडते ते एकच: पुढच्या जोडापाशी कोणीतरी तिला पुढे खेचते. त्या जोडापलीकडे जनावर आहे की डिझेलचे इंजिन, हे गाडीच्या गतीचे गणित करताना विचारावेही लागत नाही. प्रस्तुत पुस्तकाची सुरुवात या गाडीच्या बाजूने पाहण्यापासून होते. बलांचे प्रकार आधी आणि आकृती नंतर, हा नेहमीचा क्रम इथे उलटा केला आहे, कारण आकृती काढण्याच्या कृतीतूनच प्रकार निपजतात असे आमचे म्हणणे आहे.

पद्धत अशी. जिचा विचार करायचा ती वस्तू निवडायची, तिच्याभोवती मनाने एक बंद रेघ ओढायची आणि रेघेबाहेरचे जग पुसून टाकायचे. पुसताना वस्तूचे जगाशी असलेले जे जे संबंध तुटतात, त्या प्रत्येकाच्या जागी एक बाण काढायचा. अभियांत्रिकीचे विद्यार्थी या आकृतीला एफबीडी, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. पुस्तकात बलाकृती असा सुटसुटीत शब्द वापरला आहे. आता दोरी कापली की ताण मिळतो, आणि तो फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. वस्तू जमिनीपासून सोडवली की जमिनीचे बल मिळते. सोयीसाठी त्याचे दोन घटक करतात, पृष्ठभागाला लंब असलेले अभिलंब बल आणि पृष्ठभागाला समांतर असलेले घर्षण. म्हणजे शाळेत स्वतंत्र प्रकार म्हणून भेटलेले घर्षण हे एकाच स्पर्शाचे एक अंग आहे. स्प्रिंग सोडवली की रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडलेला नियम हाती येतो: जितके ताणावे तितके बल. पाणी किंवा हवा पुसली की दाब, उत्प्लावक बल आणि गतीला होणारा विरोध. रेघेला काहीही शिवत नसताना उरतात ती गुरुत्वाकर्षण, विद्युत आणि चुंबकीय बले. नवख्याला सुरुवातीला एवढे पुरे: रेघेवरून पेन्सिल एकदा फिरवायची, जिथे कोणी शिवत असेल तिथे थांबायचे आणि शेवटी न शिवता ओढणाऱ्यांची विचारपूस करायची. ज्या बाणाबाबत ‘हा लावला कोणी?’ याचे उत्तर देता येत नाही, तो खोडायचा.

ही शेवटची अट दिसते तितकी किरकोळ नाही. सामन्याआधी कर्णधाराने उडवलेले नाणे वर जात असताना त्यावर कोणती बले असतात, असे विचारले तर पुष्कळ जण दोन बाण काढतात: खाली गुरुत्वाकर्षण आणि वर ‘हाताचे बल’. हवेचा विरोध नगण्य धरला तर बाण एकच, खाली जाणारा. हात सुटला तेव्हाच हाताचे बल संपले. नाण्यापाशी उरला तो वेग. या चुकीची परंपरा मोठी आहे. गतीला सतत चालवणारा लागतो हे ॲरिस्टॉटलचे मत, म्हणून फेकलेल्या दगडाला हवा ढकलते असे त्याला म्हणावे लागले. सहाव्या शतकात फिलोपोनसने त्यावर आक्षेप घेतला. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ बुरिदाँने फेकणारा हात वस्तूत एक प्रेरणा भरतो असे मांडले. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुटलेल्या बाणाचेच उदाहरण आहे: पहिली गती ढकलण्यातून येते, पुढची संस्कारातून, आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे तो पडतो. निरीक्षण सूक्ष्म आहे, पडण्याचे वेगळे कारण मानण्यात प्रगल्भताही आहे, पण विचार बुरिदाँच्या जवळचा आहे, न्यूटनच्या नव्हे. न्यूटनचे नियम कणादाने आधीच सांगून ठेवले होते असे अधूनमधून वाचायला मिळते. ते खरे नाही, आणि तसे म्हणण्याने कणादाचा मानही वाढत नाही. गती टिकायला कारण लागत नाही, बदलायला लागते, हा विचार गॅलिलिओ आणि देकार्त यांच्या हातून घडत गेला आणि न्यूटनच्या १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त पहिला नियम म्हणून स्थिरावला.

बाण काढण्याची कला मात्र गतीपेक्षा स्थिरतेच्या अभ्यासातून आली. नेदरलँड्सच्या सायमन स्टेविनने १५८६ मध्ये त्रिकोणी ठोकळ्याभोवती चौदा समान गोळ्यांची माळ कल्पून उतारावरच्या वजनाचा नियम काढला. माळ आपोआप फिरत राहणे अशक्य, म्हणून दोन्ही उतारांवरचे गोळे एकमेकांना तोलले पाहिजेत, एवढाच त्याचा आधार होता. बलांची बेरीज समांतरभुज चौकोनाने करावी, हे न्यूटनने आपल्या नियमांच्या उपसिद्धांतात दिले आणि त्याच वर्षी पिएर व्हारिन्योंनेही आपल्या यंत्रशास्त्राच्या आराखड्यात मांडले. या बेरजेत काय दडलेले असते ते कपडे वाळत घालायच्या दोरीवर दिसते. दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या दोरीच्या मध्यावर २ किलोचे ओले ओझे टांगले आणि दोरी दोन्हीकडे आडव्या रेषेपासून फक्त ५ अंश झुकली, तर दोरीतला ताण सुमारे ११२ न्यूटन भरतो, म्हणजे साडेअकरा किलो टांगल्याइतका. दोरी जितकी घट्ट बांधावी तितके खिळे लवकर उपटतात. संख्यांच्या सवयीने २ किलोचे दोन भाग करून प्रत्येक खिळ्याला एकेक किलो वाटून देणाऱ्याला हे कधी कळणार नाही. बाण काढणाऱ्याला तिसऱ्या रेघेला कळते.

आज आपण ज्याला न्यूटनचा दुसरा नियम म्हणून बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण असे लिहितो, ते समीकरण त्या रूपात न्यूटनच्या ग्रंथात नाही. ठरावीक अक्षांवर घटक पाडून ते सर्व वस्तूंसाठी सरसकट लिहिले लिओनार्ड ऑयलरने, १७५० मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे सादर केलेल्या निबंधात. माझ्या मते बलाकृतीचा खरा जनकही तोच. पदार्थाचा कोणताही तुकडा कल्पनेने कापून वेगळा काढता येतो आणि उरलेल्या भागाचा त्यावरचा परिणाम कापलेल्या जागी लावलेल्या बलांनी दाखवता येतो, हा विचार ऑयलरच्या द्रव आणि दांड्यांवरच्या कामात स्पष्ट दिसतो; १८२० च्या दशकात ऑगस्टिन कोशीने त्यावरच प्रतिबलाचा सिद्धांत उभारला. पुलाच्या तुळईपासून धरणाच्या भिंतीपर्यंत सगळ्या स्थापत्यगणिताच्या मुळाशी हा काप आहे.

याच काळात विरुद्ध बाजूचा प्रवाहही जोरात होता, आणि त्याचा आक्षेप आजही गंभीरपणे घेण्यासारखा आहे. १७४३ मध्ये डालांबेरला बल ही कल्पनाच धूसर वाटत होती. १७८८ च्या ‘मेकानिक ॲनालितिक’मध्ये या ग्रंथात एकही आकृती नाही, असे लाग्रांजने प्रस्तावनेतच अभिमानाने सांगितले. ऊर्जा आणि योग्य निवडलेली चले घेतली की समीकरणे यंत्रवत मिळतात, बाणांची गरजच उरत नाही. शंभर वर्षांनी हाइनरिश हर्ट्झने, त्याच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बलाशिवाय संपूर्ण यंत्रशास्त्र रचून पाहिले. मग इतक्या थोरांनी टाकून दिलेली गोष्ट नवख्यांच्या माथी का मारावी? याचे उत्तर प्रश्न कोणता आहे यावर अवलंबून आहे. लंबक कसा झुलेल, हे विचारायचे असेल तर लाग्रांजची वाट सुंदर आहे, कारण दोऱ्याचा ताण काही काम करत नाही आणि तो गणितातून निसटतो. दोरा तुटेल का, असे विचारले की निसटलेला ताणच हवा असतो. लाग्रांजच्याच गुणकांच्या रीतीने तो परत आणावा लागतो. घर्षण तर त्या चौकटीत सुखाने बसतच नाही. गती कशी होईल हा खगोलशास्त्रज्ञाचा प्रश्न आणि काय तुटेल हा अभियंत्याचा प्रश्न, अशी ढोबळ वाटणी केली तर दोन्ही पंथ आपापल्या जागी बरोबर आहेत. ऊर्जेच्या वाटेने जाणाऱ्याने मात्र आपण कोणते बाण गणितातून वगळत आहोत हे आधी ओळखलेले असावे.

अभियंत्यांनी आकृती सोडली नाहीच. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल कुलमानने १८६६ मध्ये आलेखीय स्थितिशास्त्राचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कागद, पट्टी आणि पेन्सिल यांवर संपूर्ण सांगाड्यातले ताण-दाब मोजण्याची ती विद्या. आयफेल टॉवरची मूळ कल्पना रेखाटणारा मोरिस केश्लँ हा कुलमानचाच विद्यार्थी. त्याच काळात मॅक्सवेलने आणि पुढे इटलीच्या क्रेमोनाने सांगाड्याची आकृती आणि बलांची आकृती एकमेकींची प्रतिरूपे कशी होतात ते दाखवले. संगणक आल्यावर ही विद्या मागे पडली. तेव्हा दुसरा आक्षेप येतो: सॉफ्टवेअर हजारो जोडांचे गणित क्षणात करत असताना हाताने एकेका वस्तूचे बाण कशाला काढायचे?

याला सर्वांत कठोर उत्तर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या एका दुर्घटनेने दिले आहे. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. चौथ्या मजल्याच्या पातळीवरचा पूल आणि बरोबर त्याखाली दुसऱ्या मजल्याचा, असे दोन पूल लोखंडी दांड्यांवर लोंबत होते. मूळ आराखड्यात दांडा अखंड होता: छतापासून निघून वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार खालच्या पुलापर्यंत. प्रत्येक तुळई दांड्यावर फिरवलेल्या आपापल्या नटावर टेकणार होती. एवढ्या लांब दांड्यावर आटे पाडणे गैरसोयीचे म्हणून बदल झाला. वरचा दांडा चौथ्या मजल्याच्या तुळईपाशी संपवला आणि त्याच तुळईतून दुसरा दांडा खाली सोडला. वरवर पाहता काहीच बदलले नव्हते. पूल तेच, वजन तेच, छताजवळच्या दांड्यातला ताणही तोच, दोन पुलांच्या भाराइतका. संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर फरक दिसत नाही. चौथ्या मजल्याची तुळई तेवढी कापून वेगळी काढली की दिसतो. आधीच्या रचनेत तिच्या नटावर फक्त तिच्याच पुलाचा भार होता. नव्या रचनेत खालचा पूल तिलाच लोंबकळत असल्यामुळे खाली जाणारा आणखी एक बाण आला, आणि नटाला दोन्ही पुलांचा भार पेलावा लागला, म्हणजे दुप्पट. मूळ रचनाही स्थानिक बांधकाम नियमांच्या मानाने कमजोरच होती, असे चौकशीत निघाले. बदलाने तिला अर्धी केली. ही चूक शोधायला संगणक नको होता. एका तुळईची, चार बाणांची आकृती पुरली असती. सॉफ्टवेअर दिलेल्या जोडांचे गणित अचूक करते, पण कुठे कापून पाहायचे हा प्रश्न त्याला विचारावा लागतो, आणि तो माणसाने विचारायचा असतो.

आता अध्यापनाकडे. १९९२ मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बलसंकल्पनेची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही; साध्या भाषेतले प्रश्न, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या समजुतींतून उचललेले. उडवलेल्या नाण्यासारखेच प्रश्न. रिचर्ड हेकने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ६२ अभ्यासवर्गांतील ६,५०० हून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. केवळ व्याख्यानाने शिकवलेल्या वर्गांत, आधी न येणाऱ्यापैकी सरासरी २३ टक्केच शिकून झाले होते. विद्यार्थ्यांना कृती आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. ते विद्यार्थी अमेरिकी होते हे खरे, पण सूत्रात आकडे घालून उत्तर काढणे आणि बल समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीवर्गांना तर जास्तच लागू पडते. ‘आमची मुले आकृती काढतातच, तिला गुण असतात’ असे शिक्षक म्हणतील. काढतात, आणि मग तिच्याकडे न बघता सूत्र लिहितात. अशी आकृती सजावट असते. तिच्यातला प्रत्येक बाण समीकरणातले एक पद झाला पाहिजे आणि समीकरणातल्या प्रत्येक बलाला आकृतीत जागा असली पाहिजे, हा नियम पाळला तर पाठांतराला फारशी फट उरत नाही.

बैलगाडीचा जुना पेच याच नियमाने सुटतो. बैल गाडीला जितके ओढतो तितकेच गाडी बैलाला मागे ओढते, मग दोघे हलतात कसे? हे दोन बाण वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत, ते एका आकृतीत येऊच शकत नाहीत. गाडीच्या आकृतीत बैलाची ओढ आणि चाकांपाशी होणारा विरोध. बैलाच्या आकृतीत गाडीची मागची ओढ आणि खुरांवर जमिनीने लावलेले पुढचे घर्षण. घर्षण नेहमी गतीच्या उलट असते हे घोकलेल्याला हा शेवटचा बाण पटत नाही. घर्षण विरोध करते ते घसरण्याला, आणि खूर मागे घसरू पाहतो. टेबलावरच्या पुस्तकाचे वजन आणि टेबलाचे अभिलंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, ही समजूतही अशीच चिवट. दोन्ही बाण एकाच वस्तूवर आहेत, तेव्हा ती जोडी असूच शकत नाही. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये उभा असेल तर त्याच्यावरचे गुरुत्वाकर्षण ५८८ न्यूटन. लिफ्ट दर सेकंदाला दोन मीटर प्रतिसेकंद या दराने वर वेग घेऊ लागली की तळाचे अभिलंब बल ७०८ न्यूटन होते आणि गुरुत्वाकर्षण होते तिथेच राहते. अभिकेंद्री बलाचेही तेच. तो बलाचा प्रकार नाही, हुद्दा आहे: चंद्राच्या बाबतीत त्यावर गुरुत्वाकर्षण बसते, घाटाच्या वळणावरच्या एसटीच्या बाबतीत टायरचे घर्षण. हुद्द्याचा वेगळा बाण काढला की एकच बल दोनदा मोजले जाते.

पदार्थविज्ञानाच्या उच्च वर्गांतून येणारा आक्षेप असा की निसर्गात मूलभूत बले चारच: गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र. त्यातली विद्युतचुंबकीय आणि क्षीण बले मुळात एकच आहेत हे ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी दाखवले, १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि १९८३ मध्ये सर्नच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू आणि झेड कण प्रत्यक्ष सापडले. मग ताण, घर्षण, अभिलंब ही जुनाट नावे कशाला? ती जुनी आहेत, पण खोटी नाहीत. टेबल पुस्तकाला पेलते ते अणूंतल्या विद्युतबलांमुळे आणि दोन इलेक्ट्रॉनना एका अवस्थेत राहू न देणाऱ्या पाउलीच्या नियमामुळे. अब्जावधी अणूंच्या त्या हिशेबाची बेरीज म्हणजे अभिलंब बल. चार ही उत्पत्तीची वाटणी आहे आणि आपली यादी स्पर्शाची. दोन्हींची सरमिसळ करू नये, एवढेच पथ्य.

याहून खोल आक्षेप आइन्स्टाइनचा: १९१५ पासून गुरुत्वाकर्षण हे बलच राहिलेले नाही, ती अवकाशकालाची वक्रता आहे. टेबलावर निवांत पडलेल्या मोबाइलमधला त्वरणमापक वरच्या दिशेला ९.८ दाखवतो आणि तोच मोबाइल हातून सुटला तर खाली पोचेपर्यंत जवळपास शून्य, ही गोष्ट आइन्स्टाइनच्या बाजूने साक्ष देते. त्याच्या आकृतीत खालचा बाण नाही, टेबलाचा वरचा बाण तेवढा आहे. पण बाण खोडताना प्रश्न आपलाच विचारला गेला: हा लावला कोणी? आणि त्याच सिद्धांताने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या म्हटल्या तर पुन्हा न्यूटनचे बाण लागतात. अमेरिकेतल्या लायगोमध्ये ४० किलोचा प्रत्येक आरसा काचेच्या चार तंतूंवर लोंबतो, म्हणजे प्रत्येक तंतूवर सुमारे ९८ न्यूटनचा ताण, तोही अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तंतूवर. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडियातही आरसे असेच टांगायचे आहेत. मराठवाड्यातल्या मुलांना या विषयाकडे वळवायला आणखी निमित्त लागू नये.

अपकेंद्री बल आणि कोरिऑलिस बल यांना या कसोटीवर कर्ता सापडत नाही. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. फिरणाऱ्या पृथ्वीवरून वाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला ती हवीतच. पुस्तकात ती तुटक रेघेने काढली आहेत, आणि कोणत्या चौकटीतून पाहत आहोत हे प्रत्येक वेळी लिहिले आहे. वस्तू एका बिंदूत मावते असे धरून पुस्तकाचा मोठा भाग चालतो. बल कुठे लागते यावर सगळे अवलंबून असलेली शिडी, तराफा, क्रेन अशी उदाहरणे उत्तरार्धात येतात. क्षेत्रांचा सिद्धांत आणि पुंजभौतिकी यांत आम्ही शिरलेलो नाही. पारिभाषिक संज्ञा दहावीपर्यंतच्या मराठी पुस्तकांतल्याच ठेवल्या आहेत, आणि अकरावीत इंग्रजीतून शिकायला लागणाऱ्या विद्यार्थ्याची मध्येच ओढाताण होऊ नये म्हणून प्रचलित इंग्रजी नावेही देवनागरीत दिली आहेत.

उदाहरणांची आकड्यांतली उत्तरे शेवटी छापलेली नाहीत. फक्त बलाकृत्या छापल्या आहेत. वाचकाने आधी आपली आकृती काढावी, प्रत्येक बाणाशेजारी ते बल लावणाऱ्याचे नाव लिहावे आणि मगच शेवटची पाने उघडावीत. शिक्षकांना एक विनंती: उत्तर बरोबर आणि आकृती चूक असेल तर गुण देऊ नका.